फेन्नेच्या ओकांवरची भुरी

फेन्ने वोल्टरिंक कुणावर विश्वास ठेवत नाही हे हाझलहोक गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रारही नव्हती. कुणाला गुडघेदुखी असते, कुणाला पत्त्यांचा नाद असतो, तसा फेन्नेला संशय होता. गिरणीतून आलेलं पीठ ती घरी आणून पुन्हा तोलायची. कपाटाच्या दाराला स्वतःच्या डोक्यातला एक केस चिकटवून देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जायची आणि परत आली की टोपी काढायच्या आधी तो केस जागेवर आहे का ते बघायची. गिरणीवाला तिला लांबून येताना बघितलं की म्हणायचा, "फेन्नेमावशी, आज पोत्याबरोबर मलाही घेऊन चला. एकदा तोलून बघा, म्हणजे मिटलं." फेन्ने हसायची नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस एवढे विनोद कशाला करेल, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. ती वाळूच्या भागातली मुलगी. तिच्या बापाच्या बांधावरचा दगड शेजाऱ्याने दर नांगरणीला थोडाथोडा करून आत सरकवला होता. बाप भला माणूस, त्याला ते कळलं तेव्हा निम्मा पट्टा गेला होता. न्यायाधीशासमोर त्या शेजाऱ्याने क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली आणि जमीन जिंकली. फेन्ने तेव्हा लहान होती, पण शपथ घेताना तो माणूस हसत होता हे तिच्या डोक्यात कायमचं बसलं. लग्न होऊन ती आमच्याकडे आली ती डोळे उघडे ठेवूनच. नवरा ग्राद मेला तेव्हा त्याला अंघोळ घालून, कपडे चढवून शवपेटीत ठेवलं ते स्टीनेने. स्टीने घरी गेल्यावर फेन्नेने चादर बाजूला करून नवऱ्याच्या बोटातली अंगठी आहे ना ते पाहिलं. अंगठी होती. स्टीने शाल विसरली होती, ती घ्यायला मागच्या दारातून परत आली आणि हे तिने बघितलं. शाल उचलून ती गेली, कधी त्याबद्दल बोलली नाही.

ही स्टीने म्हणजे लाम्मर्ट नायबूरची बायको. नायबूरांचं घर वोल्टरिंकांच्या घराच्या कुंपणापलीकडे, आणि ते त्यांचे पहिले शेजारी. आमच्याकडे पहिला शेजारी निवडता येत नाही. कुठल्या घराचा पहिला शेजारी कोण हे आजोबांच्या आजोबांनी ठरवून ठेवलेलं असतं आणि आवडनिवडीचा प्रश्नच येत नाही. घरात बाळंतपण निघालं की दाईच्या आधी पहिल्या शेजारणीला हाक मारायची. माणूस गेला की पाद्र्याच्या आधी पहिल्या शेजाऱ्याला. एकदा हाक मारली की तो हातातलं काम टाकून येतो आणि मग तुमचं घर तो चालवतो. पण हाक मारल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही, आणि पहिल्याला सोडून दुसऱ्याला हाक मारली तर दुसरा येत नाही. त्याला तो पहिल्याचा अपमान वाटतो.

एकोणीसशे आठ सालच्या मे महिन्यात फेन्नेच्या ओकांवर अळी पडली. तिच्या अंगणाला लागून कुंपणाच्या कडेने जुन्या ओकांची रांग होती. शरद ऋतूत त्यांच्या फळांवर डुकरं पोसायची आणि दर पिढीत एखादं झाड कापून घराला खांब निघायचे. अळी काही नवीन नव्हती. बारीक हिरव्या अळ्या धाग्याला लोंबकळत खाली यायच्या, धुणं वाळत घातलं की कपड्यांवर, टोपीवर. झाडाखाली उभं राहिलं तर वर त्या खात असायच्या आणि त्यांची विष्ठा पानापानांवरून गळताना बारीक पावसासारखी टपटप ऐकू यायची. काही दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. सून गेझीना घाबरली, कारण ती शहराजवळची. फेन्ने म्हणाली, "घाबरू नको. सेंट जॉनच्या दिवसापर्यंत, जून सरता सरता, झाड पुन्हा कपडे घालतं. कोंबड्यांना तेवढंच फुकटचं खाणं."

आणि तसंच झालं. जूनच्या शेवटी कोवळी, तांबूस पानं फुटली. फेन्ने खूश होती, म्हणजे तिच्या मानाने. पण आठवडाभरात त्या कोवळ्या पानांवर पांढरे ठिपके आले. ठिपके वाढले, एकमेकांत मिसळले आणि सगळी पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी झाली. कडा वाकड्या झाल्या, शेंडे करपले. असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. द्राक्षाच्या वेलावर भुरी पडते हे ऐकून माहीत होतं, पण ओकला भुरी? आमच्याकडे ओकला काही होतं हेच कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं.

फेन्नेने पान अंगठ्याने पुसलं. पांढरं निघालं, खाली हिरवं दिसलं. नाकाशी धरलं, ओल्या तळघरासारखा वास आला. तिने हाताला लागतील तेवढी खालची पानं ओल्या फडक्याने पुसून काढली. चार दिवसांनी ती पुन्हा पांढरी. फेन्नेने त्यातून जे काढायचं ते काढलं: कुणीतरी येऊन पुन्हा टाकून जातंय.

कोण, हे शोधायला तिला लांब जायला नको होतं. लाम्मर्टने त्या वर्षी कुंपणापलीकडची पडीक जमीन फोडली होती आणि सहकारी दुकानातून कारखान्यातलं खत आणलं होतं. पांढुरकी भुकटी. जूनमध्ये ती भुकटी तो मुठीमुठीने शेतात उधळत होता तेव्हा वारा वोल्टरिंकांच्या बाजूचा होता, आणि फेन्ने खिडकीत उभी होती. शिवाय तिच्या ओकांची सावली त्याच्या नव्या शेतावर पडायची. सावली नको असलेला माणूस आणि पांढरी भुकटी, आणखी काय पाहिजे? तिने झाडाझाडांमधून काळा दोरा बांधला, रात्री कुणी आलं तर तुटेल म्हणून. सकाळी दोरा शाबूत. "म्हणजे वाकून गेला," ती म्हणाली.

"आई, लाम्मर्टकाका साठीचे झाले," मुलगा हार्म म्हणाला. "ते बूट घालायला वाकतात तेव्हासुद्धा स्टीनेकाकू धरायला लागते."

"तू त्याची बाजू घे. बापाची झाडं जळाली तरी चालतील."

हार्म गप्प बसला. तो गप्प बसण्यात तरबेज होता, अशा आईचा मुलगा दुसरं काय करणार?

इकडे गेझीनाचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, अंगाने बारीक. सेंट जॉनच्या दिवशी स्टीनेने तिच्या पोटावर हात फिरवून बघितलं होतं. स्टीनेच्या हाताने या भागात अर्धी वासरं आणि पुष्कळ माणसं जगात आली होती. ती म्हणाली होती, "बाळ आडवं आहे. घाबरायचं कारण नाही, मी फिरवून देईन. पण कळ सुरू झाली की लगेच हाक मारा. उशीर झाला की मूल अडकतं, मग बाहेरून फिरत नाही." गेझीनाने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. फेन्नेला त्यातलं एकच ऐकू आलं, आडवं. परक्या बाईने तोंडातून आडवं काढल्यावर ते आडवं होणार नाही तर काय?

जुलैच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सेनंतर देवळाच्या आवारात, फेन्नेने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. पुरुष पाईप पेटवत होते, बायका टोप्या सारख्या करत होत्या.

"लाम्मर्ट नायबूर, माझ्या झाडांवर काय टाकतोस ते इथेच सांग. देऊळ जवळ आहे, खोटं बोलायला जड जाईल."

लाम्मर्टने पाईप तोंडातून काढला. "फेन्ने, ते खत माझ्या बटाट्यांना पुरलं नाही. एकदा येऊन बघ, गोट्यांएवढे झालेत. तुझ्या झाडांच्या शेंड्यावर चढून टाकायला उरतंय कुठे?"

लोक हसले. तेच वाईट झालं, कारण फेन्नेला तो हसत खोटी शपथ घेणारा शेजारी आठवला असणार. मास्तर मधे पडले. म्हणाले, वर्तमानपत्रात आलंय, ही एक नवीन बुरशी आहे, फ्रान्सकडून आली, कोवळ्या पानांवर बसते. अळीने पानं खाल्ल्यावर जी पालवी येते तीच तिला सापडते. यंदा सगळीकडे आहे.

"वर्तमानपत्रात पैसे दिले की काहीही छापतात," फेन्ने म्हणाली.

"लाम्मर्टने पैसे देऊन फ्रान्सपासून छापून आणलं का, मावशी?" एव्हर्ट म्हणाला. तो दुसरा शेजारी, चहाटळ माणूस. "सगळीकडे आहे म्हणतात तर जाऊन बघून या की. एक तरी स्वच्छ ओक सापडला तर मी स्वतः लाम्मर्टला पकडून तुमच्यापुढे आणतो."

पुन्हा हशा. फेन्नेचा चेहरा पांढराफटक पडला. ती लाम्मर्टकडे न बघता स्टीनेकडे वळली.

"ज्याने माझे ओक मारले त्याच्या बायकोचा हात माझ्या नातवाला लागायचा नाही. स्टीने, आम्ही तुला हाक मारणार नाही. आणि न बोलावता तू माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस आणि पोराला काही बरंवाईट झालं, तर ते तुझ्या हाताने झालं असं मी पाद्र्यापुढेही सांगेन आणि न्यायाधीशापुढेही."

आता कुणी हसलं नाही. असं वाक्य आमच्या आवारात कुणी ऐकलं नव्हतं. स्टीनेने दोन्ही हात शालीच्या आत घेतले.

घरी गेल्यावर गेझीना रडली. हार्मने आईला पहिल्यांदाच उलटून विचारलं, "मग कळा सुरू झाल्यावर करायचं काय?" फेन्ने म्हणाली, शहरातून दाई आणू, पैसे देऊन आणलेला माणूस निदान पैशापुरता तरी खरा असतो. आणि तिने गेझीनाकडून वचन घेतलं, बाळाच्या जिवाची शपथ घालून, की तू कुंपणाकडे तोंड करून हाक मारणार नाहीस. गेझीनाने मान हलवली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने काय केलं असतं हे बोलणं आता सोपं आहे.

एव्हर्टचं बोलणं मात्र फेन्नेच्या डोक्यातून जाईना. एक स्वच्छ ओक. नायबूरचा हात पोचणार नाही अशा जागी एक जरी हिरवागार ओक सापडला, तर सगळ्यांची तोंडं बंद. जुलैच्या मध्यावर, हार्म नदीपलीकडच्या कुरणात गवत कापायला गेलेला असताना, ती सकाळीच निघाली. निघताना गेझीना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आई, आज नका जाऊ. कंबर फार भरून आलीय."

फेन्नेने तिच्याकडे नीट पाहिलं. आजच बरी कंबर भरून आली? मी घराबाहेर पडले की हिला दुखायला लागतं, म्हणजे मी थांबणार, नाहीतर घाबरून कुंपणापलीकडे हाक मारायला हो म्हणणार. दोघींनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

"कंबर सगळ्यांचीच भरते," ती म्हणाली. "दुपारपर्यंत येतेच आहे. पडून राहा."

एव्हर्टच्या दारचा ओक पांढरा होता. पण तो जवळ, तिथपर्यंत वारा पोचतो. गिरणीजवळचे तिन्ही ओक पांढरे. तिथे ती थोडी थबकली, मग तिला आठवलं की गिरणीत पीठ उडतं. गिरणीचे ओक धरायचे नाहीत. माळाच्या रस्त्यावर खुरटे ओक होते, मेंढ्यांनी खाऊन खाऊन झुडपं झालेले, ते तर सगळ्यात जास्त पांढरे. इथे लाम्मर्टचा मेंढपाळ चुलतभाऊ येतो, हे तिला माहीत होतं. ती पुढे चालत राहिली. उन्हं चढली. प्रत्येक झाडापाशी थांबून ती पान वाकवायची, पुसायची, हुंगायची आणि प्रत्येक झाडाशी लाम्मर्टचं काहीतरी नातं जुळवायची. ते जुळत गेलं की तिचे पाय हलके व्हायचे. तिला कुणी त्या रस्त्याने जाताना पाहिलं असतं तर वाटलं असतं की बाई देवदर्शनाला निघाली आहे.

शेवटी मठ आला. नन लोकांचा मठ, पुरुषाने आत पाय टाकायचा नाही, भोवती उंच भिंत, आणि मधल्या अंगणात एकच जुना ओक. फेन्नेने घंटी वाजवली. दार उघडणारी नन म्हातारी होती. "झाड बघायचंय" म्हटल्यावर तिने भुवया उंचावल्या, पण आत घेतलं.

ओक पांढरा होता. खालपासून वरपर्यंत, शिडीसुद्धा पोचणार नाही तिथपर्यंत.

"यंदा काय झालंय कळत नाही," नन म्हणाली. "आधी अळीने खाल्लं, मग हे. आमच्या मदर म्हणतात रोज प्रार्थना करा. भिंतीबाहेरच्या बागेचा माळी म्हणतो सगळीकडे हेच आहे."

फेन्ने वर बघत उभी राहिली. इतका वेळ बांधत आणलेलं तिच्या डोक्यातलं सगळं थोडं हललं. एवढ्या उंच भिंतीच्या आत, एवढ्या उंच फांदीवर, साठीचा लाम्मर्ट मुठीने भुकटी कशी फेकणार? तिला एकदम गेझीनाची कंबर आठवली. मग तिने तो विचार दूर सारला आणि ननला विचारलं, "इथे लाम्मर्ट नायबूर नावाचा माणूस येतो का?"

"येतो ना. दारापर्यंत. लोणी आणतो, फार छान असतं."

"बघा," फेन्ने म्हणाली, स्वतःशीच. पण नेहमीसारखा जोर त्यात नव्हता. तिने एक पान तोडून खिशात घातलं आणि बाहेर पडून ती आणखी एखादा ओक बघायला शहराच्या रस्त्याने पुढे निघाली.

वळणापाशी पोचते तोच मागून गाडीचा आवाज आला. तिने वळून बघितलं. लाम्मर्ट. गाडीत उभा राहून लगाम झटकत येत होता, डोक्यावर टोपी नाही, घोड्याच्या तोंडाला फेस. मठाच्या दाराशी त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून घंटी ओढली.

फेन्नेच्या मनात जे थोडं हललं होतं ते पुन्हा जागच्या जागी बसलं. हा माझ्या मागावर आहे. मी कुठे कुठे बघून आले ते गिरणीपासून विचारत आलाय. ज्याचं मन साफ आहे तो गवताच्या दिवसांत काम टाकून एका म्हातारीच्या मागे घोडा दमवेल? रस्त्याच्या कडेला जवाचं शेत होतं, पिवळं पडत आलेलं. ती शाल सावरून आत शिरली आणि खाली बसली.

"फेन्ने!"

ननने आत्ताच गेली असं सांगितलं असणार. गाडी हळू झाली. "फेन्ने! ए फेन्ने वोल्टरिंक!" त्याचा आवाज फाटत होता. तिने कणसांमधून त्याचे बूट पाहिले. तो गाडीतून उतरून रस्त्यावर इकडे-तिकडे बघत होता. पुन्हा एकदा हाक मारली. त्या आवाजात काहीतरी होतं, जे लबाडाच्या आवाजात नसतं, आणि ते तिला ऐकू आलं. पण ऐकू येणं वेगळं आणि उठून उभं राहणं वेगळं. तिने मान आणखी खाली घातली. कुसळं शालीत, बाह्यांत रुतत होती. मग तो गाडीत चढला आणि शहराच्या दिशेने निघून गेला. आवाज पार बंद होईपर्यंत ती बसून राहिली, आणि नंतर रस्ता सोडून शेताच्या वाटेने लांबच्या वळशाने घराकडे आली, परतताना तो पुन्हा भेटू नये म्हणून.

घर दिसलं तेव्हा कुंपणाच्या खिंडीत, नायबूरांच्या बाजूला, स्टीने उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात धुऊन लाल झालेले, बगलेत स्वच्छ फडक्यांचं गाठोडं. आतून आवाज येत होता. फेन्नेने तसा आवाज ऐकला होता, हार्मच्या वेळी स्वतःच्या तोंडून.

"किती वेळ?" फेन्नेने विचारलं.

"तू माळावर पोचली असशील तेव्हापासून. लाम्मर्ट तुला शोधायला गेला, तिथून दाईकडे जाणार होता. एव्हर्ट नदीवर गेलाय हार्मला आणायला, पण होडी पलीकडे आहे म्हणे. लाम्मर्ट भेटला नाही तुला?"

फेन्नेने आवाजाच्या दिशेने दाराकडे पाहिलं.

"ती ओरडतेय, पण माझं नाव घेत नाही. दोनदा तुझ्या दारापर्यंत गेले मी. दोनदा परत आले. तू काय म्हणालीस ते सगळ्या गावाने ऐकलंय, फेन्ने. मूल आडवं आहे, वाचेलच असं कुणी सांगावं? उद्या तू माझ्या हाताने मेलं म्हणालीस तर या गावात कुठली बाई मला घरात घेईल? आता हाक मार. मला इथे उभं नको ठेवूस. हाक मार ना गं."

"ये," फेन्ने म्हणाली. "स्टीने, ये. आत ये."

स्टीने तिला ढकलूनच धावली. पण पाणमोट केव्हाच फुटली होती. बाळाचा एक हात बाहेर आला होता आणि बाळ तसंच अडकलं होतं, बाहेरून फिरवण्याची वेळ गेली होती. मग तिने जे करायला हवं होतं ते केलं, ते सांगण्यासारखं नाही. गेझीना वाचली. मुलगा होता. व्यवस्थित, सगळी बोटं असलेला, निळा. दाई पोचली तोवर स्टीनेने त्याला धुऊन फडक्यात गुंडाळलं होतं. दाईने गेझीनाला तपासलं, स्टीनेकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "आई वाचली तीच कमाल आहे."

संध्याकाळचं ऊन स्वयंपाकघरात तिरकं आलं होतं. गेझीना भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगावर पडली होती, पलंगाची दारं सताड उघडी. हार्म तिच्या पायाशी बसला होता. एव्हर्ट दाईला परत सोडायला गेला होता. लाम्मर्टने छोटी पेटी करायला लाकूड बघायचं म्हणून हात धुतले आणि फडक्याला पुसत तो सहज, राग न आणता बोलला. त्याला काही माहीत नव्हतं.

"मी घसा फाडून हाका मारल्या, फेन्ने. मठाच्या वळणावर. ननबाई म्हणाली, आत्ता या दाराने गेली. आत्ता गेलेली बाई रस्त्यावर नाही म्हणजे गेली कुठे, हेच मला कळेना. गाडी मोकळीच होती. तुला घेऊन आलो असतो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

फेन्ने चुलीपाशी उभी होती. ती पाणी तापवत होती, आता कशालाच लागणार नव्हतं तरी.

"आई," गेझीना म्हणाली. "इकडे या."

फेन्ने गेली. तिला वाटलं, पोरीला हात धरायचा असेल. गेझीनाने हात पुढे केला, पण तो फेन्नेच्या हाताकडे गेला नाही. तिने फेन्नेच्या शालीतून एक कुसळ उपटलं आणि डोळ्यांसमोर धरलं. मग दुसरं. बाहीतून तिसरं.

"आपल्याकडे यंदा जव नाही," ती म्हणाली.

"नाही."

"रस्त्याने चालताना एवढी कुसळं लागत नाहीत."

फेन्नेकडे या जगातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वागण्याचं एक वाईट कारण तयार असायचं. स्वतःच्या वागण्याचं एकही चांगलं कारण त्या वेळी तिला सापडलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. हार्मसुद्धा, आणि त्याने आयुष्यात कधी आईकडे तसं बघितलं नव्हतं.

"मठाजवळ बसले होते," ती म्हणाली. "शेतात."

"काकांची हाक ऐकू आली?"

"आली."

लाम्मर्टने फडकं टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. स्टीने बाळाच्या गाठोड्याजवळ बसली होती. गेझीनाने ती कुसळं पांघरुणावर ठेवली.

"स्टीनेकाकू," ती म्हणाली, "आज तुम्ही माझ्याजवळ थांबाल? उद्यापण."

"थांबते गं बाई."

"आणि आईंना बाहेर बसायला सांगा."

स्टीनेला ते सांगावं लागलं नाही. फेन्नेने चुलीवरचं पाणी बाजूला काढलं, शाल खांद्यावर ओढली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. हार्मने उठून तिच्यामागे दार लावून घेतलं.